११८ मायक्रॉन

पुण्यात आम्ही गाड्या धुतो, पॉलिश करतो. आमच्या पाटीवर ‘२००८ पासून’ असं लिहिलंय. बाणेरच्या एका काचेच्या स्टुडिओच्या पाटीवरही तेच लिहिलंय. दोन्ही खरं आहे. सहकारनगरात आंबील ओढ्याकाठी पत्र्याची शेड भाड्याने घेतली तेव्हा आम्ही दोघं भागीदार होतो. शेडचं भाडं, पहिला प्रेशर पंप आणि पहिल्या चुका यांतलं कोणाच्या वाट्याला काय आलं, ते लिहायला पाटीवर जागा नसते.

सुरुवातीला सगळे करतात तेच आम्ही करत होतो. रोटरी मशीन, लोकरीचं पॅड, जाडं कंपाउंड म्हणजे रंग घासणारी पेस्ट. गाडी चकाचक व्हायची, गिऱ्हाईक खूश. तीन आठवड्यांनी उन्हात बघितलं की बॉनेटवर होलोग्राम, म्हणजे मशीनच्या पुसट रेषा, नाचायचे, आणि मग आम्ही परत रबिंग मारायचो. याला आम्ही धंदा म्हणत होतो.

२०१५ साली डॉक्टर आले. सर्जन माणूस, त्यामुळे कडा आणि शिवण बघायची सवय. गाडी पोर्शे केमन, ९८१ मॉडेल, लाल, सेकंडहँड घेतलेली. म्हणाले, “मालक, ही मी कपाटात ठेवायला घेतलेली नाही. रोज हॉस्पिटलला नेणार, रविवारी पहाटे ताम्हिणी घाट. पावसातसुद्धा. दहा वर्षांनी अंगावर रंग राहिला पाहिजे, एवढं बघा.”

रंग राहिला पाहिजे म्हणजे आधी तो किती आहे ते कळलं पाहिजे. आमच्याकडे रंगाची जाडी मोजायचं एक स्वस्त मशीन होतं. बॉनेटवर लावलं तर काहीच दाखवेना. दारांवरही नाही. भागीदाराने जाहीर करून टाकलं की बॉनेट प्लास्टिकचं आहे. डॉक्टरांनी बोटाने टकटक केलं आणि नुसतं आमच्याकडे बघितलं. त्या गाडीचं बॉनेट आणि दारं अ‍ॅल्युमिनियमची असतात आणि आमचं मशीन फक्त लोखंड ओळखणारं. (प्लास्टिकच्या बंपरवर यातलं कुठलंच साधं मशीन चालत नाही, हे नव्या पोरांनी लिहून ठेवा.) दोन्ही धातू वाचणारं मशीन आणलं तेव्हा डॉक्टरांसमोर पहिला आकडा आला: बॉनेट ११८ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) उजवा मागचा फेंडर मात्र २४०. म्हणजे तिथे कोणीतरी ठोकून परत रंगवलं होतं आणि विकणाऱ्याने तोंड उघडलं नव्हतं. डॉक्टर दहा मिनिटं बोलले नाहीत. मग म्हणाले, “याची वही ठेवा.”

ती वही म्हणजे आमचा खरा धंदा. ११८ मधला वरचा पारदर्शक थर, क्लिअरकोट, साधारण ४० ते ५०, केसापेक्षा बारीक. ऊन अडवणारी रसायनं त्यातच असतात. जाड कंपाउंडने एकदा नीट कापलं की दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला हे परवडतं, ती वर्षातून दोनदा बाहेर निघते. रोज चालणाऱ्या गाडीवर नवे ओरखडे येतच राहणार, आणि दर ओरखड्यामागे पॉलिश मारत बसलात तर तुम्ही मुद्दल खाताय. मशीन एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे दाखवतं, म्हणून आम्ही ठरलेल्या जागी पाच वेळा मोजून सरासरी लिहितो. हे मी फुकट सांगतोय, स्टुडिओत याचं पॅकेज असतं.

डॉक्टरांना पहिलं औषध मीच लिहून दिलं. सोसायटीत पहाटे एक जण येतो, एका बादलीत वीस गाड्या पुसतो, तेच फडकं, तीच धूळ. त्याचा पगार चालू ठेवा, कापड बंद करा. ऐकलं. गाडीवरच्या बारीक ओरखड्यांच्या गोल जाळीतली निम्मी जाळी त्या फडक्यानेच विणलेली असते. आमच्या शेडमध्ये आधी फेस मारून धूळ सुटी करायची, दोन बादल्या, दोन्हींत तळाला जाळी, चाकांसाठी तिसरी. चाकांवर लोखंड विरघळवणारं औषध मारलं की ब्रेकची धूळ जांभळी होऊन ओघळते. वास असा की शेजारच्या पार्लरवाल्या ताईंनी एकदा येऊन विचारलं होतं, तुम्ही पर्म करता का. रसायन त्याच कुळातलं आहे.

अजून एक. या गाडीचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात. इंजिन मागे, त्यामुळे लोक पुढे बघतच नाहीत. ताम्हिणीतून आली की जाळीमागे पाला जमतो, पावसात कुजतो, एसीचं कंडेन्सर खातो. व्हॅक्युमला बारीक नळी लावून मी तो स्वतः काढतो. पोरांच्या हातात देत नाही, पातळ पत्त्या वाकतात.

आता मूळ गोष्ट. २०१८, गौरी-गणपती, मी गावाला. माझ्या मागे डॉक्टरांची गाडी नुसती धुवायला आली होती. आमच्या भागीदाराला व्हिडिओ हवा होता, अर्धं बॉनेट आधी, अर्धं नंतर, सगळ्यांना आवडतं तसा. लाल रंगावर ते दिसतंही छान. लोकरीचं पॅड, जाडं कंपाउंड, पूर्ण गाडी. मी आलो, सवयीने मशीन लावलं. ११२.

एका दुपारी सहा मायक्रॉन! तीन वर्षं मी या गाडीला फक्त एकदा, तेही मऊ पॅडने, हात लावला होता, आणि तेव्हा वहीतला आकडा हललासुद्धा नव्हता. डॉक्टरांना काहीच कळलं नव्हतं, उलट ते चमक बघून खूश होते. मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत,” आणि बिल नेहमीसारखं दिलं. भागीदार मात्र पेटला. “तू स्वतःहून सांगितलंस? कोण मोजणार होतं?” त्यावर मला काही सुचलं नाही. दिवाळीआधी तो गेला, दोन शिकलेली पोरं आणि रुपेस कंपनीचं २१ मिलिमीटरचं पॉलिश मशीन घेऊन. मशीनचे हप्ते माझ्या खात्यातून जात होते, ते पुढेही जात राहिले.

आता तो बाणेरच्या त्या स्टुडिओत ‘नाइन-एच सिरॅमिक’ कोटिंग विकतो. काय हो हे नाइन-एच? पेन्सिलीचं माप आहे. कडक पेन्सिलीने रंगावर ओरखडा उठतो का, याची चाचणी. हिऱ्याचं, नीलमण्याचं त्यात काही नाही. कोटिंग वाईट नसतं, मीही मारतो. घाण चिकटत नाही, धुणं सोपं होतं. पण खडी लागली तर रंग उडणारच. त्याला गाडीच्या नाकावर जाड पारदर्शक फिल्म लागते, आणि तीही ओरखडे काढून झाल्यावर. ओरखड्यांवर कोटिंग मारलं की ते काचेखाली ठेवल्यासारखे दिसतात. अशा गाड्या माझ्याकडे येतात. कुठून येतात, मी विचारत नाही.

यातून उठतोय तोवर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबील ओढा शेडमधून वाहिला. अरण्येश्वरला टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, त्यापुढे आमचं काय गेलं? पण गेलं. कॉम्प्रेसर, पंप, सगळी पॅडं, आणि आत उभ्या दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या कमरेएवढ्या चिखलात. मी दोघांना फोन करून सांगितलं, किल्ली लावू नका, टोइंग बोलवा. एकाच्या ड्रायव्हरने तरी किल्ली फिरवली. इंजिनने पाणी ओढलं. तो राग माझ्यावरच निघाला.

सकाळी डॉक्टर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शेड बघितली आणि पहिला प्रश्न, “वही आहे ना?” होती. स्कूटरच्या डिकीत, घरी. मग म्हणाले, माझ्या बंगल्याच्या पोर्चमध्ये काम करा, नळ आहे, वीज आहे. पतसंस्थेचं कर्ज मिळेपर्यंत दोन महिने आम्ही कोथरूडला त्यांच्या पोर्चमध्ये गाड्या धुतल्या. त्यांच्या मित्रांच्या सहा गाड्या तिथूनच जोडल्या गेल्या.

आणि तिथे एक अक्कल आली. पोर्चमध्ये धुतलेल्या गाडीवर पांढरे ठिपके पडेनात. पाणी महापालिकेचं, खडकवासल्याचं. शेडमध्ये आम्ही बोअर आणि टँकरचं वापरत होतो, क्षारांनी भरलेलं. अकरा वर्षं शॅम्पूला शिव्या घातल्या होत्या. शेड परत उभी केली तेव्हा मशीनच्या आधी शेवटच्या धुण्यासाठी क्षार काढणारा फिल्टर घेतला. ठिपके पडलेच तर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावा, मिनिटभराने धुऊन टाका. लिंबू चोळू नका. आणि उन्हात तापलेल्या बॉनेटवर काहीच लावू नका.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं, ते सगळ्यांचंच झालं. पुढची चार वर्षं काम होतं, हप्ते फिटले.

गेल्या रविवारी डॉक्टर ताम्हिणीतून थेट आले. दाराखालच्या सिलपर्यंत चिखल, विंडशील्डवर किडे, नाकाच्या फिल्मवर दोन नवे टवके, फिल्मखाली रंग शाबूत. धुतली, वाळवली, मोजली. बॉनेट ११०. मधे २०२१ साली एकदा हलका हात फिरवला होता, तेवढंच गेलं. डॉक्टरांनी चष्मा लावून आकडा बघितला, नेहमीप्रमाणे वहीत सही केली आणि बिलातले तीनशे रुपये कापले. डाव्या जाळीत एक पान राहिलं, म्हणे. राहिलं नव्हतं.