हरिश्चंद्रगड, पाचनईमार्गे: मुक्काम वारा धरून ठरवा

पायथ्याच्या पाचनई गावातून दुपारी एकला निघून साडेतीनला हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी. सहाजण, तीन तंबू, जानेवारीचा दुसरा आठवडा. सड्या अंगाने ही वाट दीड-दोन तासांची; पाठीवर दहा-बारा किलो असले की अडीच तास धरायचे. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट जास्त देखणी, पण ती चार-पाच तास खाते आणि खिंडीनंतरही चढउतार संपता संपत नाहीत. पहिल्यांदाच तंबू घेऊन जाणाऱ्यांनी मुकाट्याने पाचनई धरावी. कड्यालगतच्या खड्या नळीच्या वाटेने मुक्कामाचं ओझं नेण्याचा विचारही नको.

मुंबईकर कसारा-घोटी-राजूर करून येतात, पुणेकर ओतूर-कोतूळ. राहिलेली खरेदी राजूरला किंवा कोतूळलाच उरकावी. गडाचा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पाचनईत वनखात्याकडे नोंद करून शुल्क भरायचं आणि त्या दिवशी तंबू कुठे लावू देतात ते तिथेच विचारायचं. मुक्कामाचे नियम बदलत असतात, त्यामुळे शहरातून निघण्याआधी गावात कुणाला तरी फोन केलेला बरा. शेकोटी मात्र कुठेच नाही. वाळलेलं गवत आणि कड्यावरचा वारा पाहिला की बंदी का आहे हे सांगावं लागत नाही.

आता तंबूचं. फोटोत सगळ्यांचे तंबू कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्याच्या, अगदी तोंडाशी दिसतात. तिथे झोप लागत नाही. दुपारनंतर वारा कोकणातून वर चढतो, तंबूचं कापड रात्रभर फडफडतं आणि त्या आवाजाने डोकं उठतं. शिवाय खाली कातळ, खुंट्या चार बोटंही आत जात नाहीत. हातोडा मारला की ॲल्युमिनियमची खुंटी वाकते, बस्स. कड्यापासून दोन-तीनशे मीटर मागे, कारवीच्या झुडपांच्या आडोशाला, माती असलेली सपाटी शोधावी. दिवसाचा वारा पाहून एकाच बाजूने ताणदोऱ्या बांधल्या तरी फसगत होते. रात्री वारा बऱ्याचदा फिरतो. चारही बाजूंच्या दोऱ्या बांधा, दार कड्याच्या उलट दिशेला ठेवा.

माती नसेल तिथे दगडाची युक्ती. मुठीएवढ्या दगडाला दोरीचे दोन वेढे देऊन गाठ मारायची, दगड जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्या पुढे, म्हणजे तंबूच्या बाजूला, दोरीवर एक जड धोंडा टेकवायचा. दोरी ताणली गेली की लहान दगड धोंड्याला अडकतो. नुसता धोंडा दोरीवर ठेवला तर दोरी खालून सरकते. सरळ धोंड्यालाच बांधली तर कडेवर घासून पहाटेपर्यंत तुटते. यासाठी तीन मिलिमीटरची दहा मीटर जादा दोरी प्रत्येक तंबूमागे लागते.

आमच्या तीन तंबूंपैकी एकाची काठी लावतानाच चिरली. कारण नेहमीचंच: दोन नळ्या एकमेकींत पूर्ण बसण्याआधी काठी वाकवली, सगळा ताण सांध्याच्या ओठावर आला. प्रत्येक सांधा बोटाने चाचपून मगच काठी वाकवावी. दुरुस्तीला काठीपेक्षा जरा जाड, वीतभर लांबीची नळी आणि चिकटपट्टी जवळ हवी. नळी चिरलेल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळली की रात्र निघते. आणि तंबू घरच्या गच्चीत एकदा पूर्ण उभा करून पाहावा, भाड्याचा असेल तर नक्कीच. निम्म्या वेळा खुंट्याच कमी निघतात.

थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त शिरते. चांगली झोपपिशवी असूनही कुडकुडणारे बहुतेक वेळा पातळ चटईवर झोपलेले असतात. दहा मिलिमीटरची फोमची चटई हवीच. थंडी वाजते म्हणून तंबूच्या खिडक्या गच्च बंद केल्या तर श्वासाची वाफ आतल्या कापडावर साचून पहाटे तोंडावर ठिबकते. वरचे झरोके उघडेच ठेवा, बाहेरचं कापड आतल्याला चिकटू देऊ नका.

कड्यावर पाण्याची खात्री धरू नये. देवळाजवळच्या टाक्यांतून माणशी तीन लिटर भरून, गाळून आणि उकळून वापरावं, आणि ते ओझं धरून पुढे अर्धा तास चालायची तयारी ठेवावी. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात भांडी विसळणारे महाभाग आम्हाला याही वेळी दिसले. चार खांबांपैकी एकच उरलेल्या त्या गुहेत नुसतं उभं राहावं आणि परत फिरावं.

सहाजणांच्या खिचडीला अर्धा किलो तांदूळ, पाव किलो मूगडाळ, तीन लिटर पाणी, पाच लिटरचं पातेलं. तूरडाळ नेऊ नये. साधारण 1,400 मीटरवर पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय तूरडाळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. डाळ-तांदूळ देवळापाशीच डब्यात भिजत घालावेत. कड्यावर पोचून तंबू लागेपर्यंत फुगतात. वारा नसेल तर लिटरभर पाण्याला 12-15 ग्रॅम गॅस पुरतो, उघड्यावर सहज दुप्पट. 230 ग्रॅमचे दोन डबे न्यावेत. पहाटे ज्योत मिणमिणते, कारण गार डब्यात ब्युटेन गॅसला दाब राहत नाही; डबा रात्री झोपपिशवीत घेऊन झोपा. वाऱ्याला आडोसा करताना डब्याला चहूबाजूंनी वेढू नका, तो तापतो. आणि तंबूत चूल नाही म्हणजे नाही, चहापुरतीही नाही: आगीची भीती आहेच, बंद जागेतला धूर नसलेला विषारी वायू त्याहून फसवा.

माकडांना चेनच्या पिशव्या उघडता येतात, नाही उघडली तर फाडतात. दिवसा तंबू सोडून जाताना खाणं बरोबर न्यावं. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा तिथे नको. अंधारात लघवीला जायचं तर दोघांनी, माथ्यावर विजेरी बांधून, आणि कड्याच्या उलट दिशेला. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब वीतभर खड्डा, कागद पिशवीत परत.

कडा सूर्यास्ताला पाहायचा, पोटावर झोपून, पहाटे नव्हे: तो पश्चिमेकडे आहे, सूर्योदय तारामतीवरून, म्हणजे गडाच्या सर्वांत उंच शिखराकडून. सातनंतर ऊन येतं, पण दहिवराने भिजलेला तंबू वाळायला नऊ वाजतात. ओलाच गुंडाळावा लागला तर घरी पोचल्याच्या दिवशी सावलीत पसरा. दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि शिवणीवरची पाणरोधक पट्टी सुटायला लागते.