तुम्ही विचारलंत म्हणून: ओढ्याकडचं रान झाडांना का दिलं

"दादा, उसाच्या रानात वाळुंज नि करंज?" पाव्हण्यांपासून कारखान्याच्या स्लिपबॉयपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. पुढचा प्रश्नही ठरलेला: "मग, गेलं का झाडांनी औषध?" एकदाच नीट सांगतो.

हे रान खोलगटात आहे, वरच्या अंगाला सगळा ऊस. पावसाळ्यातल्या आडसाली उसाच्या लागणीवर अॅट्राझिन हे तण मारायचं औषध पडतं आणि मागोमाग पावसाचं पाणी सरीसरीनं उतरून माझ्या बांधाला येतं. वरच्यांना मी दोष देत नाही. खुरपायला बाया मिळत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे.

त्या रानात काकडी केली होती. उगवण एकसारखी झाली. वेल तीन-चार पानांवर आला आणि सगळ्यात जुन्या पानाची कड पिवळी पडली, मग करपून तपकिरी झाली. दुकानदार म्हणाला, लोह कमी पडलंय. पण लोहाची कमतरता कोवळ्या पानावर आधी दिसते. इथं कोवळी पानं हिरवी होती आणि जुनी जळत होती. आईनं एक वेल उपटून मुळं बघितली. पांढरीशुभ्र, धडधाकट. "मुळाला काय झालं नाही रे, पानच उपाशी मरतंय," ती म्हणाली. अॅट्राझिन नेमकं हेच करतं, पानाला उजेडातून अन्न बनवू देत नाही. बघता बघता खालचा अर्धा प्लॉट बसला, वरचा उभा राहिला. माती परीक्षणाच्या कागदावर सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश सगळं होतं, तणनाशकाचा रकानाच नव्हता. मग एका कुंडीत खालची माती, दुसरीत परड्यातली, बी एकाच पुडीतलं. परड्यातली काकडी वाढली. खालची तशीच करपली.

"मग ऊसच लावायचा, त्याला अॅट्राझिन बाधत नाही." बरोबर. पण पाणी माझ्या बांधावर संपत नाही, ओढ्यातून कृष्णेला जातं आणि तेच खालची गावं पितात. भूजलात उतरतं म्हणून युरोपीय संघानं २००४ मध्ये या औषधाला नकार दिला. आपल्याकडे २०२० च्या बंदीच्या मसुद्यात २७ कीडनाशकांत त्याचं नाव होतं. दुकानात ते आजही मिळतं.

झाडांचं म्हणाल तर ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९९० च्या दशकात पॉपलरवर काम झालं. मुळं पाण्याबरोबर अॅट्राझिन ओढतात आणि झाडाच्या आत ते मोडून कमी विषारी होतं, असं दिसलं. ब्राझीलमध्ये मिनास जेराईस राज्यात तिथल्याच देशी झाडांवर तणनाशकांचे प्रयोग झाले. शिवाय अॅट्राझिन खाऊन जगणारे जिवाणू मातीत असतात, आणि झाडाच्या मुळांभोवती जिवाणूंची वस्ती दाट असते. पॉपलर आपल्या हवेतला नाही, पण त्याच्याच कुळातला वाळुंज आपल्या नदीकाठचा आहे. करंजही ओढ्याकाठचाच, शेंगवर्गीय, मुळांवर गाठी धरणारा. म्हणून ही दोन.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो, झाडं औषध पितात. आज तेवढ्या जोरात सांगणार नाही. कूळ एक म्हणून काम एक, असं होत नाही. अॅट्राझिन वेळ गेला की आपोआपही मोडतं. आमच्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या वर, म्हणून सावकाश मोडतं, एवढंच. झाडांखालच्या मातीत काकडी आता कुंडीत तग धरते. ते झाडांमुळं की नुसत्या काळामुळं, मला सांगता येत नाही. वरून दर पावसाळ्यात नवं येतच असतं.

थोरला म्हणतो, दोन्ही कुंड्या सारख्या दिसल्या की झाडं काढू, ऊस लावू. मी म्हणतो, सारख्या दिसल्या तर झाडं राहू दिली म्हणूनच दिसल्या. तो म्हणतो, हे सिद्ध कसं करणार, आबा? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. झाडं मात्र मी काढू देणार नाही.