टाळूचा स्क्रू: फेरे काही आठवड्यांचे, थांबणे काही महिन्यांचे

वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेरून बसायला हव्यात, डब्यावर झाकण बसते तशा. वरचा जबडा अरुंद असला की एका किंवा दोन्ही बाजूंनी त्या आत पडतात. मग मूल चावताना खालचा जबडा बाजूला सरकवून दात जुळवून घेते, आणि वाढत्या वयात चेहरा तसाच वाकडा राहण्याची भीती असते. पहिल्या कायमच्या दाढा पूर्ण आल्या, म्हणजे साधारण 7-8 वर्षांचे मूल झाले, की हे दाखवून घ्यावे. टाळूच्या मधोमध हाडाची शिवण असते. लहानपणी ती सहज उघडते, कुमारवयात घट्ट होत जाते. टाळूत बसवलेला स्क्रू फिरवून ही शिवण हळूहळू उघडतात आणि जबडा रुंद करतात.

स्क्रूची चौकट दाढांवर बँड (दाढेभोवती बसणारी धातूची कडी) चढवून सिमेंटने चिकटवतात. किल्लीचा एक फेरा म्हणजे पूर्ण चक्कर नव्हे, पाव चक्कर. बहुतेक स्क्रूंमध्ये त्याने 0.25 मिलिमीटर रुंदी वाढते. 7 मिलिमीटर हवे असतील तर 28 फेरे: रोज एक दिला तर चार आठवडे, दोन दिले तर दोन. किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतील.

चूक होते ती किल्ली फिरवण्यात. मुलाला उजेडात आडवे झोपवा. किल्लीला दोरा बांधून तो मनगटात अडकवा, म्हणजे ती घशात जायची नाही. स्क्रूच्या पुढच्या भोकात किल्ली घालून घशाच्या दिशेने ढकला, पुढचे नवे भोक पूर्ण दिसेपर्यंत. ते अर्धेच दिसत असेल तर फेरा अपुरा आहे; उद्या किल्ली आत जाणारच नाही. किल्ली काढताना ती मागच्या बाजूनेच खाली सोडवा. पुढे ओढलीत तर आत्ताच दिलेला फेरा उलटा फिरतो. प्रत्येक फेऱ्याची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट फेरे देऊ नका.

फेऱ्यानंतर नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मधे दाब जाणवतो आणि थोड्या वेळात ओसरतो. पहिले काही दिवस लाळ सुटते, बोलणे जड होते. मोठ्याने वाचायला लावा, जीभ लवकर सरावते.

आठवड्याभरात पुढच्या दोन दातांत फट पडू लागते. पालक घाबरतात, पण हीच हवी असलेली खूण आहे: शिवण उघडली. 1860 साली अमेरिकन दंतवैद्य ई. सी. एंजेल यांनी साडेचौदा वर्षांच्या मुलीचा जबडा स्क्रूने रुंद केल्याचे लिहिले, तेव्हा क्ष-किरण सापडायला 35 वर्षे होती. पुरावा म्हणून दिसण्यासारखी होती ती ही फटच. हाडावरून दातांना बांधणारे तंतू ती पुढे आपोआप बरीचशी मिटवतात. उलट, दहा-बारा दिवस फेरे देऊनही फट नाही, दुखणे मात्र वाढते आहे, तर फेरे थांबवून डॉक्टरांना कळवा. शिवण न उघडता दाढाच बाहेर झुकत असतील.

सफाईत ब्रश पुरत नाही. चौकट आणि टाळू यांच्या मधे अन्न साचते, ते बिनसुईच्या सिरिंजने पाणी मारून काढा. दोदोल, खाजे, काकण, फणसाची साटे असे चिकट-कडक पदार्थ बंद, त्यांनी बँड सैल होतो. कडक उंडो (गोव्यातला गोल पाव) पातळ भाजीत भिजवून द्या. बँड सैल झाला की आत अन्न शिरून दाढ किडते, शिवाय फेऱ्याचा जोर एकाच बाजूला पडतो. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जाणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावे. सैल बँडसाठी अख्खा दिवस जातो.

फेरे संपले की घरी वाटते उपचार झाले. खरे तर तेव्हा शिवणीच्या जागी नुसती मोकळी भेग असते. तिच्यात हाड भरायला महिने लागतात. तोवर स्क्रू कंपोझिटने (दात भरायच्या पदार्थाने) किंवा तारेने बंद करून चौकट तशीच ठेवतात, आणि ती लवकर काढली तर जबडा मागे सरकतो. थोडे मागे जाणारच, म्हणून मुद्दाम थोडे जास्तच रुंद करतात: वरच्या दाढांचे आतले उंचवटे खालच्या दाढांच्या बाहेरच्या उंचवट्यांना टेकेपर्यंत.

चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) चौकट काढून द्या, असा आग्रह घरोघरी होतो. थांबण्याचे तीन ते सहा महिने स्क्रू बसवल्याच्या दिवसापासून मोजू नयेत, शेवटच्या फेऱ्यापासून मोजावेत. मे महिन्यात शेवटचा फेरा झाला असेल, तर चवथीलाही चौकट तोंडातच असण्याची तयारी ठेवा, आणि नेवऱ्या (करंज्या) तुकडे करून वाढा.