चाक टेकल्यावर मी सुटलोच

सकाळी सातला बारामतीच्या धावपट्टीवर विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, मेलेल्या सापासारखा लोंबत होता. साडेदहाला विमान घेऊन परतताना रेडिओवर वारा ऐकला: २६० अंशांवरून १४ नॉट, झटके २४ नॉटचे. जूनचा पहिला आठवडा, पाऊस नाही, नुसता वारा.

धावपट्टी २९, म्हणजे उतरताना नाक २९० अंशांकडे आणि वारा डाव्या हाताला तीस अंशांतून. झटक्यात आडवा बारा नॉट. आमच्या विमानाच्या, सेसना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्यात उतरण्याचा पंधरापर्यंत करून दाखवलेला आकडा आहे, पण तो करून दाखवणारा मी नव्हतो! शेजारी बसलेल्या, मला शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "स्पीड?" झटका आणि एरवीचा वारा यांत फरक दहाचा, त्याचा अर्धा पाच, तो उतरण्याच्या स्पीडमध्ये मिळवायचा. ६५ ऐवजी ७०. फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, तीसऐवजी वीस अंश.

पहिल्यांदा फ्लेअर करतोय, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच उचलतोय, तोच झटका आला आणि विमान फुग्यासारखं वर गेलं. लगेच वारा पडला, पंखांची उचल सुटत आल्याचं सांगणारी स्टॉल वॉर्निंगची पिपाणी वाजली. मी नाक आणखी ओढणार, तेवढ्यात सर म्हणाले, "जा वर." फुल थ्रॉटल, नाक आवरून धरलं, स्पीड धरल्यावर फ्लॅप एकेक टप्प्यानं वर. असं न उतरता पुन्हा वर जाण्याची, गो-अराउंडची, मला लाज वाटायची. त्या दिवशी नुसतं हायसं वाटलं.

दुसऱ्या फायनलला, उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, नाक वाऱ्याकडे वळवून, तिरकं तिरकं सेंटरलाइनवर आलो. जमिनीजवळ उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) देऊन नाक सरळ केलं आणि डावा पंख वाऱ्यात खाली दाबून धरला. स्पीडचा काटा ६६ ते ७४ नाचत होता. त्याच्यामागे थ्रॉटल पळवू नकोस, हे सरांनी आधीच बजावलं होतं. आधी डावं चाक टेकलं, मग उजवं. मऊ! मी श्वास सोडला आणि त्यासोबत योकही, विमानाचं स्टिअरिंग.

डावा पंख हळूच उचलला गेला. सरांचा हात माझ्या हातावर आला, योक पूर्ण डावीकडे. "अजून उडतंय रे ते."

बॅकट्रॅकला, धावपट्टीवरूनच उलट दिशेनं परत जायला, वळलो तेव्हा वारा उजवीकडून, मागून. मी योक उजवीकडे न्यायला लागलो. "डावीकडेच. आणि आता पुढे दाब." मागच्या वाऱ्याला पाठ द्यायची, म्हणजे योक वाऱ्यापासून दूर न्यायचा, हे पेपरात लिहून मी गुण मिळवले होते.

पार्किंगमध्ये दोर बांधून होईपर्यंत सर पंखाखालीच उभे राहिले. माझी गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली.