ताट्या

मे महिन्यातली दुपार. नागपुरात पारा ४५च्या आसपास गेला की आमच्या कॅन्सर डे-केअरमधल्या कूलरचा घरघराट कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी मात्र पाच नंबरच्या खुर्चीवरचे काका केमोची बाटली सोडून त्या कूलरकडेच टक लावून होते.

मी कॅन्सरच्या रुग्णांची समुपदेशक. काका साठीच्या आतबाहेरचे, महाल भागात कूलर दुरुस्तीचं दुकान. फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. त्याआधी चार महिने टीबीच्या गोळ्या झाल्या होत्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण एक्स-रेत डाग दिसला आणि कुणीतरी सुरू केल्या. खोकला, वजन उतरणं, थुंकीतून रक्त हे दोन्हीकडे सारखंच, आणि आपल्याकडे टीबी इतका की पहिला संशय तिकडेच जातो. बायोप्सी होईपर्यंत छातीत पाणी भरलं होतं.

आमच्याकडे एक कागद असतो. त्यावर थर्मामीटरचं चित्र, ० ते १०. मागच्या आठवड्याभरात मनाला किती त्रास झाला, त्यावर खूण करायची. चार किंवा त्याच्या वर गेलं की आम्ही बसून बोलतो. मी तो कागद मुलाच्या हातात दिला. का दिला? फाइल त्याच्याकडे होती, डॉक्टर त्याच्याशी बोलत होते, म्हणून मीही. त्यानं ३ वर टिक केली. "बाबा एकदम टकाटक आहेत मॅडम."

"काय लिहून राह्यले जी माह्यावर?" काकांनी विचारलं.

मी ओशाळून कागद त्यांच्यापुढे धरला. चित्र नीट बघून म्हणाले, "याच्यात दहाच हायेत? बाहेर तं ४५ हाय." हसले, आणि हसण्यातून जो खोकला निघाला तो बराच वेळ थांबेना. मग दहावर बोट ठेवलं.

"दुकानाच्या चाब्या पोराजवळ. मोबाइल बायकोजवळ. राती पाणी प्याले उठलो तं तिघं धावतात. चाळीस वर्षं लोकायचे कूलर खोलले, अन् परवा घरच्या कूलरात पाणी भराले गेलो तं हातातून पाइप घेतला." थोडं थांबून, "आन् जो येते तो इचारते, किती बिड्या ओढत होते?"

एकही नाही. कधीच नाही. बिडीला हात न लावणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो. बाहेरच्या हवेतलं प्रदूषणही कॅन्सरला कारण ठरतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१३ मध्येच जाहीर केलं. पण भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना हे कोण सांगणार?

दम लागला की वापरायला मी त्यांना बॅटरीवरचा छोटा पंखा दिला. नाकासमोर, गालावर वारा घ्यायचा. ऑक्सिजनचा आकडा तोच राहतो, पण जीव घुसमटल्यासारखं वाटणं कमी होतं. मुलाला हे पटेना. काकांना लगेच पटलं. "पंखा खोली थोडीच थंडी करते? आंगाले बरं वाटते."

मग मान कूलरकडे वळवून, "तो पाणी उचलून नाही राह्यला. वरच्या नळीचे भोकं बुजले असतील. खाऱ्या पाण्यानं बुजतात."

"बाबा, तुम्ही बसा ना चूप," मुलगा म्हणाला. मी त्याला चहा आणायला पाठवलं.

वॉर्डबॉयनं कूलरची गवताची ताटी काढायला हात घातला तोच खुर्चीवरून आवाज आला, "आधी प्लग काढ बे! मरशील." सिस्टरनं एक जाड सुई दिली. पांढरा थर खरवडत एकेक भोक मोकळं झालं. एका हाताला बाटली लागलेली, दुसऱ्या हातानं काका इशारे करत होते. मधे दम लागला तेव्हा पंखा तोंडासमोर धरला, पुन्हा सुरू. दहा मिनिटांत ताट्या ओल्या झाल्या आणि ओल्या गवताचा वास हॉलभर पसरला.

डॉक्टर फेरीवर आले. काकांनीच विचारलं, "पुढची केमो २१ दिवसांनी म्हणता, दोन दिवस पुढं चालते का? सीझन हाय. पोरगं मोटर उलटी लावते, बसून दाखवाव लागते."

डॉक्टरांनी सवयीनं मुलाला शोधलं. तो अजून चहाच्या टपरीवर होता. मग ते काकांकडे वळले. "चालतं."

मी कागद पुन्हा पुढे केला. "आठ लिहा," काका म्हणाले. "खोकला तं हायेच ना."

नवी तारीख त्यांनी फाइलवर स्वतःच्या हातानं घातली. पेन माझा होता. तो शर्टाच्या खिशाला लावून घेऊन गेले.