बेळगावहून सायकलनं कुठं जावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नवी सायकल घेतलेली कॉलेजातली मुलं, पुण्याहून सुट्टीला आलेले पाहुणे, पन्नाशीत व्यायाम सुरू केलेले शेजारी, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "ताई, बेळगावजवळचा चांगला रूट सांगा की. चढ जास्त नको." मी उलट विचारते, "कुठल्या महिन्यात निघणार?" आणि त्यांना वाटतं मी उत्तर टाळतेय.

टाळत नाही. आपल्याकडं रस्ता निवडायचा तो नदी आणि वारा बघून. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीवर वसलंय. पश्चिमेला डोंगराची कड, पूर्वेला जमीन हळूहळू उतरत जाते. मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा या तिघी पश्चिमेला उगम पावतात आणि पूर्वेकडं वाहत शेवटी कृष्णेला मिळतात. त्यामुळं नदीच्या अंगानं निघालात तर रस्ता मवाळ असतो. नद्या आडव्या ओलांडत निघालात, म्हणजे उत्तरेकडं किंवा दक्षिणेकडं, तर प्रत्येक नदीसाठी एक उतार आणि पूल झाल्यावर एक चढ. अंतर तेवढंच, पण मांड्यांना फरक कळतो.

पटत नसेल तर निपाणीचा हायवे आठवा. काकतीजवळ मार्कंडेय, मग वंटमुरीचा घाट, पुढं घटप्रभा, संकेश्वरला हिरण्यकेशी, तवंदी घाट, निपाणीजवळ वेदगंगा आणि कोगनोळीच्या पुढं दूधगंगा. एका सकाळीत पाच नद्या आणि दोन घाट! एसटीनं जाताना यातलं काही जाणवत नाही. सायकलवर एकेक नदीचं खोरं वेगळं कळतं, कुठं ऊस सुरू झाला, कुठं संपला तेही. पण हायवेला सर्व्हिस रोड सलग नाही, ट्रकांची वर्दळ मोठी, म्हणून हा रस्ता मी नवख्याला कधीच सांगत नाही.

आता वारा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो पश्चिमेकडून येतो आणि उघड्या माळावर चांगलाच जोर धरतो. थंडीत, नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळचा वारा पूर्वेचा असतो. माझा सगळा हिशेब यावरच आहे: पावसाळ्यात पश्चिमेला जायचं, थंडीत पूर्वेला. दोन्ही वेळा जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. दमलेल्या पायांना घरचा रस्ता सोपा पडावा, एवढीच त्यामागची गोष्ट. पुष्कळजण वाऱ्याबरोबर निघतात, तासाभरात लांब पोचतात, खूश होतात, आणि परतताना उन्हात वाऱ्याशी झगडून सायकल कायमची भिंतीला लावतात. असे झालेले मला माहीत आहेत, म्हणून जीव तोडून सांगते.

पावसाळी रस्त्यांत माझं मन राकसकोपच्या, म्हणजे बेळगावला पाणी देणाऱ्या मार्कंडेयवरच्या धरणाच्या, बाजूला आहे. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाट्यावरून आत, किंवा बेळगुंदीकडून. दर पावसाळ्यात आपण पेपरात राकसकोपची पातळी वाचतो, धरण भरायच्या २४७५ फुटांना किती कमी आहे ते बघतो, नळाला पाणी कधी येईल याचा अंदाज बांधतो. ते पाणी डोळ्यांनी बघायला सायकलनं सकाळची एक फेरी पुरते. जुलैत या पट्ट्यात भातलावणी चालू असते. दोन्ही बाजूंना चिखलणी केलेली शेतं, डोक्यावर इरली किंवा प्लास्टिक घेतलेल्या बायका वाकून रोप लावताहेत. एकटीनं सायकल चालवणारी बाई दिसली की त्या हमखास हाक मारतात, "कुठं निघालीस गं अक्का? एवढ्या पावसात?" थांबून दोन शब्द बोलावं. मला या रस्त्यांवर एकटीला कधी भीती वाटलेली नाही, आणि त्याचं मोठं कारण शेतात माणसं असतात हे आहे.

हा भाग दोन राज्यांत असा काही विणलाय, की सकाळच्या एका फेरीत हद्द किती वेळा ओलांडली ते समजत नाही. राकसकोप कर्नाटकात, शेजारचं तुडये महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. वेंगुर्ला रस्त्यावर बाची इकडं, शिनोळी तिकडं. पाटीवरची लिपी बदलते, डांबराचा रंग बदलतो, घरातली बोली तीच राहते. उचगावहून बसुर्त्यावरून कोवाडला गेलात तर ताम्रपर्णी भेटते. लांबच्या फेरीची सवय नसेल त्यांनी तिथवर जाऊन परतावं. चढ-उतार आहेत, पण एकही दम काढणारा नाही. पावसाळ्यात मात्र फरशी पुलावर पाणी असेल तर सायकल उचलूनसुद्धा पलीकडं जायचं नाही. नदी चढली की या भागात गावंच्या गावं तुटतात, त्यापुढं तुमची फेरी किस झाड की पत्ती.

आणखी थोडी तयारी झाली की जांबोटी. पिरनवाडीवरून किणये, कुसमळीला मलप्रभेचा पूल, मग जांबोटी. तिथून दोन गोष्टी करता येतात. एक, डावीकडं खानापूरला उतरायचं आणि बेळगावला परतायचं. ही सगळी फेरी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरची होते. दुसरी, सरळ कणकुंबी. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, आणि तिथून जवळच्याच जंगलात भीमगडच्या बाजूला म्हादईचा. एक पूर्वेला कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, दुसरी गोव्यातून अरबी समुद्राला. एका डोंगरावर पडलेल्या पावसाची अशी वाटणी होते, आणि त्या वाटणीच्या रेषेवर तुम्ही सायकल धरून उभे असता. या म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा कोर्टात का गेले तेही तिथं उभं राहिलं की उमगतं.

पण कणकुंबीला जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. तिथं बेळगाव शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, धुक्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाकडं जाणाऱ्या गाड्यांना सायकल दिसत नाही, आणि खड्डा पाण्याखाली असतो. सप्टेंबरची अखेर धरा. गवत उभं असतं, वारा अजून पश्चिमेचा असतो, पाऊस विश्रांती घेत घेत पडतो. उजाडण्याआधी जंगलात शिरायचं नाही हे मात्र बाराही महिने. गवे आहेत, अस्वलं आहेत, अधूनमधून हत्तीही येतात. जांबोटीला चहा आणि उप्पीट घेऊन, चांगलं उजाडल्यावर पुढं सरका. वाटेत हब्बनहट्टीचा मारुती मलप्रभेच्या पात्रातच आहे. पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो, पाणी ओसरल्यावर दर्शन होतं.

खानापूरच्या बाजूनं परतणाऱ्यांसाठी एक सूचना. खानापूर बेळगावपेक्षा खाली आहे, म्हणजे शेवटचा टप्पा चढाचा, शिवाय मोठ्या रस्त्यावर गाड्या वेगात. असोग्याला रामलिंगेश्वराच्या घाटावर बसून, पोटभर पाणी पिऊन मगच निघा.

थंडीतला माझा रस्ता मार्कंडेयच्या सोबतीचा. हीच राकसकोपची नदी पुढं आंबेवाडी, कंग्राळी, कडोली, काकतीच्या शिवारातून जाते. भातकापणी झालेली असते, ओलीवर मसूर आणि वाटाणा पेरलेला असतो. कडोलीपर्यंतचा भाग शाळकरी मुलांनाही जमेल. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. एखाद्या रविवारी ग्रंथदिंडी आडवी आली तर सायकल कडेला लावा आणि चार पावलं तिच्याबरोबर चाला.

तयारीच्या माणसानं पुढं अंकलगी, पाच्छापूर करत गोकाकची दिशा धरावी. ही फेरी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण यात मुलूख डोळ्यांदेखत बदलतो. तांबडी माती मागं पडते, काळी सुरू होते. भात संपतं, जोंधळा येतो. हॉटेलातली भाषा कन्नड होते आणि ताटात भाकरी येते. पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडं येता येता कसा आटत जातो हे भूगोलाच्या धड्यात वाचलेलं असतं, इथं पिकांवरून वाचता येतं. गोडचिनमलकीला मार्कंडेय दोन टप्प्यांत खाली पडते, आणि गोकाकला घटप्रभा ५२ मीटरचा कडा उतरते. थंडीत धबधब्यांना पाणी कमी असतं हे आधीच सांगते, फोटोसाठी जायचं असेल तर मोटार घेऊन ऑगस्टमध्ये जा. सायकलला डिसेंबर. जाताना उतार आहे आणि वारा तोंडावर, येताना चढ आहे आणि वारा पाठीवर, त्यामुळं दोन्ही बाजू जवळपास सारख्याच वेळात होतात. गोकाकचा करदंट खिशात ठेवा, डिंक, गूळ आणि सुका मेवा असलेलं याहून चांगलं खाणं सायकलवाल्याला मिळायचं नाही.

थंडीतली एकच गोष्ट घातक आहे, ती म्हणजे ऊस. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर असतात, मागं दिवा असेलच असं नाही, आणि ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात तुमची घंटी ऐकू जात नाही. त्यांच्या मागं चिकटून जाऊ नका, चढावर ऊस निसटतो. नाचणी किंवा भाताच्या पेंढ्या मळणीसाठी रस्त्यावर पसरलेल्या असतील तर उतरून, कडेनं, धान्य न तुडवता जा. चेनमध्ये काड गुंतलं तर तासभर जातो.

सायकल कुठली, हेही विचारता. बारीक टायरची रेसिंग सायकल आपल्या आतल्या रस्त्यांना सोसत नाही. ३२ मिलिमीटरच्या आसपासचा टायर, मागं चढासाठी मोठं चक्र, दोन जादा ट्यूब आणि हातपंप. खेड्यात पंक्चरवाला असतो, पण त्याच्याकडं मोटरसायकलच्या ट्यूबचं सामान असतं, तुमचा बारीक व्हॉल्व्ह त्याच्या पंपाला बसत नाही. एवढं घेऊन आधी येळ्ळूरच्या राजहंसगड किल्ल्याचा शेवटचा चढ न उतरता चढून बघा. जमला, तर जांबोटी जमेल. नाही जमला, तर महिनाभर कडोली आणि बेळगुंदी करा, आणि मग परत विचारा.