रुमण्याचं लाकूड

काठ्या घडवायच्या मंगळवारच्या वर्गात शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं माझ्या हातात हेझल नावाच्या झाडाची एक सरळसोट काठी ठेवली. टोकाला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी होती, 'जानेवारी 2022'. मी इंग्लंडात आलो तोच 2022 च्या सप्टेंबरात. म्हणजे मी विदर्भातल्या दारव्ह्याहून निघण्याची तयारीही सुरू केली नव्हती, तेव्हा या माणसानं ती काठी कापून, चिठ्ठी बांधून सुकायला ठेवून दिली होती. कोणासाठी, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. मी पैसे विचारले तर म्हणाला, "तूही पुढच्या हिवाळ्यात दोन काप आणि ठेवून दे." बसमध्ये ती काठी मांडीवर आडवी घेऊन बसलो आणि घर येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

या वर्गात मी गेलो त्याचं कारण बाबा. त्यांचा उजवा गुडघा गेल्या दोन वर्षांत पार गेला आहे. व्हिडिओ कॉलवर आई मोबाइल अंगणाकडे फिरवायची तेव्हा बाबा ढोरं राखायच्या उंच बांबूवर छातीचा भार टाकून चालताना दिसायचे, तोही दुखऱ्या बाजूच्या, उजव्या हातातच धरलेला. पहिल्या वर्षी मी इथून अॅल्युमिनियमची घडीची काठी पाठवली. ती खुंटीवरून खाली उतरली नाही. "ते दवाखान्याची वाटते," एवढंच बाबा म्हणाले. मला तेव्हा रागही आला. इतक्या लांबून पाठवलेली वस्तू. पण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ती काठी हातात घेतली की माणूस आजारी दिसतो.

उत्तर इंग्लंडातल्या या लहान गावात हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो. गावच्या सभागृहात दर मंगळवारी दहा-बारा जण काठ्या घडवायला बसतात. बहुतेक निवृत्त झालेले. शिकवणारा ऐंशीच्या पुढचा आणि त्याला नुसत्या पहिल्या नावानं हाक मारायची. मला ते अजून जमत नाही. मी काहीच न म्हणता त्याच्या समोर जाऊन उभा राहतो, आणि आता त्यालाही ते कळलं आहे.

पहिली काठी मी वाया घालवली. कुंपणाची एक ओली फांदी मिळाली, तिची साल काढली, मूठ कोरली, दोन संध्याकाळी हात चांगला चालला. ओलं लाकूड सुरीखाली काकडीसारखं निघतं. दहा दिवस खोलीत हिटरजवळ ठेवली आणि एका सकाळी टोकापासून वीतभर चीर गेलेली. लाकडातलं पाणी अंगापेक्षा कापलेल्या टोकांमधून फार लवकर उडतं. टोकं आधी आकसतात, मधला भाग ओलाच असतो, आणि त्या ओढाताणीत लाकूड फाटतं. म्हणून ही माणसं काठी कापतात ती पानं झडल्यावर, हिवाळ्यात, आणि दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून थंड, सावलीच्या पडवीत ठेवतात. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा त्यांचा हिशेब. हेझलचं झाड बुंध्याशी तोडलं की त्याच खोडातून सरळ धुमारे फुटतात आणि काही वर्षांनी ते पुन्हा कापता येतात. आपल्याकडे सागाच्या खुंटाला फुटतात तसेच.

ती पडवी मी पुढे पाहिली. आढ्याला शंभरएक काठ्या टांगलेल्या, प्रत्येकीला महिना आणि वर्ष. सर्वांत नवी चिठ्ठी त्याच महिन्याची होती. त्या काठ्या तयार होतील तेव्हा आपण असू की नसू, हा विचार त्या माणसाला शिवलेला दिसत नव्हता. मी तिथे बराच वेळ मान वर करून उभा होतो. आपल्याकडे कोणी असं करत नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे मागे घ्यायचं आहे.

एका गोष्टीचा मात्र मला फार त्रास झाला. सुरीचा. इथे 1988 चा कायदा आहे. तीन इंचांपेक्षा मोठं पातं किंवा घडी न होणारी सुरी सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. कोरायची सुरी घडीची नसतेच. वर्गाला जाणं हे कारण चालतं, पण ते सांगायची वेळ आली तर सांगणारा कोण आहे यावर ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो, हे मी दुसऱ्या प्रसंगांत पाहिलं आहे. म्हणून मी सुरी कापडात गुंडाळून, डब्यात घालून, डबा पिशवीच्या तळाशी ठेवून जायचो. वाटेत दुकानात जायचं टाळायचो. ज्या गावात मी वाढलो तिथे सातवीतला पोरगाही कमरेला विळा खोचून वावरात जातो आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. या कायद्यामागे तरुण पोरांचे गेलेले जीव आहेत, ते मला मान्य आहे. तरीही डब्यात लपवलेली सुरी घेऊन बसमध्ये बसताना आपण काही चूक करत आहोत असं वाटायचं, आणि ते वाटणं मला आवडत नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास तीन आठवड्यांची रजा मिळाली. हेझलची काठी न्यावी असं आधी ठरवलं होतं. मग वाटलं, बाबांच्या हातात आपल्याच मातीतलं लाकूड द्यावं. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावरच्या बाभळीची एक बरी फांदी तोडली आणि सुतारकाकांकडे घेऊन गेलो. लहानपणी तान्ह्या पोळ्याला माझा लाकडी बैल त्यांनीच घडवला होता.

काकांनी फांदी नखानं दाबली. "वल्लं हाये बाप्पा हे. आज घडवशीन, उन्हाळ्यात फाटन. एक पावसाळा न एक उन्हाळा तरी जाऊ द्या लागते."

मी म्हटलं, माझ्याकडे अठरा दिवस आहेत.

"कोनासाठी पाह्यजे?"

"बाबासाठी."

"मंग थांब."

ते आत गेले. चुलीच्या वरच्या आढ्यावर, धुरानं काळ्या पडलेल्या वाशांमध्ये लाकडं रचलेली होती. शिडी लावून त्यांनी त्यातली एक फाडी खाली काढली. वर काजळीचा थर, पण पटाशीनं जरा खरवडल्यावर आतून लालसर तपकिरी बाभूळ. टोकांना शेणमाती लावून लिंपलेली होती. धुरात ठेवलं की किडा लागत नाही आणि टोकं लिंपली की लाकूड सावकाश सुकतं, हे त्यांना कोणत्याही वर्गात शिकवलेलं नव्हतं.

"हे वखराच्या रुमन्यासाठी चिरून ठेवलं होतं. बारा साल झाले. आता वखर ट्रॅक्टरमागं चालते, रुमनं कोन मांगते?"

रुमणं म्हणजे वखर धरायचा दांडा. वर आणखी सात-आठ फाड्या तशाच होत्या. त्यांना चिठ्ठ्या नव्हत्या, पण कोणती कोणत्या साली चढवली हे काकांनी बोट दाखवत सांगितलं. ते ऐकताना मला त्या इंग्रज म्हाताऱ्याच्या पडवीत मनात म्हटलेलं वाक्य आठवलं. आपल्याकडेही करत होते. माझ्या घरापासून चार घरं सोडून करत होते, आणि मी ते पाहायला सात हजार किलोमीटर लांब जाऊन आलो.

पण दोन्हींत फरक आहे आणि तो मला सांगायचाच आहे. तिकडच्या म्हाताऱ्याच्या काठ्या टांगलेल्या आहेत कारण त्याला पेन्शन आहे, घर आहे आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत. काकांची लाकडं आढ्यावर राहिली कारण गिऱ्हाईक संपलं. बंडी गेली, तिफन गेली, दारं दारव्ह्याहून तयार येतात. त्यांचा मुलगा पुण्याजवळ एका कारखान्यात आहे. तिकडे जो छंद आहे तो इकडे बुडालेला धंदा आहे. आपल्या माणसांना चिकाटी नाही असं म्हणणाऱ्यांनी ते आढं एकदा बघून यावं.

इंग्लंडाहून नेलेली माझी सुरी पहिल्याच दिवशी हरली. बारा वर्षं वाळलेल्या बाभळीवर तिची धार वळली, पात्याच्या कडेला बारीक चकाकती मुरड दिसायला लागली. काकांनी काही न बोलता ती बाजूला ठेवली, आपली पटाशी दगडावर पाणी टाकून पाजवली, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली आणि माझ्या हातात दिली. आधी त्यांनी वाकसानं, म्हणजे लाकूड तासायच्या आडव्या पात्याच्या हत्यारानं, चारही धारा उडवून दिल्या होत्या. बसल्या जागी, पायाच्या अंगठ्यानं लाकूड दाबून धरून, आणि वाकस अंगठ्यापासून दोन बोटांवर पडत होता. तिकडे आम्ही हातमोजे घालतो. काकांना मोजे दाखवले तर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "चांगले हाये. पन लाकूड कसं समजन?"

लाकूड समजणं म्हणजे काय ते मला आठव्या दिवशी कळलं. मूठ जिथे वळते तिथे पटाशी खालून वर घेतली की ढलपी मऊ निघायची, आणि एक बोटभर पुढे गेलं की तीच पटाशी आत रुतून लाकूड उपटायची. नस, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, तिथे उलटते. डोळ्यांना दिसत नाही, हाताला आधी कळतं. त्या जागी दिशा बदलून वरून खाली यायचं. एवढी एक गोष्ट मी इंग्रजीतून चार महिने ऐकली होती. काकांनी माझं मनगट धरून दोनदा फिरवलं आणि झालं.

पुढची कामं पटापट झाली. कानस, मग फुटलेल्या काचेच्या धारेनं खरवडणं, मग पॉलिश पेपर, 80 चा, 120 चा, 220 चा. तेल तर घरचंच होतं. इंग्लंडात लाकडाला लावायला महागड्या डब्यात जे लिनसीड ऑइल मिळतं ते म्हणजे आपलं जवसाचं तेल. आईला ते ऐकून आनंदच झाला, पण भाजीचं तेल काठीला जातंय याचं वाईटही वाटलं. पातळ हात द्यायचा, पुसायचा, तीन दिवस थांबायचं, असं तीनदा. तेलाचा बोळा मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. मी तो पाण्यात बुडवून कुंपणावर पसरून वाळवला.

उंची मोजताना बाबांना चपला घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावला आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोजलं. 83 सेंटिमीटर. छातीपर्यंतच्या बांबूनं खांदा का दुखत होता ते तेव्हाच कळलं. खाली 19 मिलिमीटरचं रबरी टोपण बसवलं. मग सर्वांत अवघड काम, काठी डाव्या हातात धरायला लावणं. दुखणारा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात हवी, दोन्ही एकदम पुढे पडले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. "दुखते इकडं न धरू तिकडं?" बाबा दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी पारापर्यंत जाऊन आले आणि विषय पुन्हा काढला नाही. "आता हे काठी वाटते," असं आईला म्हणाले. मला नाही म्हणाले.

काकांनी तीनशे रुपये मागितले. दादा म्हणाला, दीडशेत ऑनलाइन घरपोच येते. मी तिकडे एका संध्याकाळचे आठ पौंड देतो, म्हणजे आठशेच्या वर, आणि चार महिन्यांत एकदाही ते जड वाटले नव्हते. काकांना मी दोन हजार दिले. त्यांनी तीनशे ठेवले आणि बाकीचे परत केले. दादाला वाटतं मी गावात भाव बिघडवतो. मला वाटतं भाव आधीच बिघडलेला होता. यावर आमचं अजून एकमत नाही. तो बाबांना रोज दवाखान्यात नेतो-आणतो, मी वर्षातून एकदा येऊन काठी करतो, म्हणून मी फार ताणत नाही. पण काठी केली हेही खरं आहे.

गेल्या रविवारी फोन झाला. सिमेंटच्या रस्त्यानं टोपण झिजलं होतं, दादानं मेडिकलमधून नवं आणलं. मग आई म्हणाली, तिचंही माप तिनं घेऊन ठेवलंय. सुतळी मनगटापासून जमिनीपर्यंत सोडून गाठ मारली आणि ती सुतळी अॅल्युमिनियमच्या काठीशेजारी खुंटीला टांगली. मी आणलेली ती ओली बाभळीची फांदी काकांनी टाकली नव्हती. टोकं लिंपून आढ्यावर चढवली आहे. पुढच्या संक्रांतीपर्यंत होईल का म्हणून विचारलं तर म्हणाले, नाही, त्याच्या पुढच्या.